मिस्टर थर्केटल यांना देखरेखीची गरज नाही

हॅलिंगफर्ड,
४ मार्च

प्रिय लेन,

तुझं कार्ड पोचलं. डायलिसिसची नवी नर्स हाताला हलकी आहे हे वाचून बरं वाटलं. जुनीला तू जे नाव ठेवलं होतंस ते मात्र मी क्लिफला वाचून दाखवलं नाही. चर्चमध्ये मोठ्याने म्हणाला असता.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुला ऐकू येत नाही, आणि मी फोन हातात घेतला की क्लिफ शेजारी येऊन उभा राहतो, "कोण आहे? कोण आहे गं, म्हातारे?" मग तिघांपैकी कुणालाच काही कळत नाही. पत्र बरं. मार्करने लिहितेय, अक्षरं बशीएवढी झालीत, हसू नकोस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत आणि डावा आता दूध सांडल्यासारखा दिसतो. जूनमध्ये त्याच्या ऑपरेशनची तारीख मिळेल म्हणतात.

बातमी अशी, की कौन्सिलची पाहणी झाली आणि आम्ही पास झालो. म्हणजे नापास. यात पास झालं की मदत जाते.

क्लिफ आठवड्यातून तीन दिवस कौन्सिलच्या डे सेंटरला जातो, सकाळी त्यांची गाडी नेते, दिवसभर तिथे त्याच्यावर लक्ष ठेवतात. ते चालू ठेवायचं की नाही हे बघायला दर वर्षी कुणीतरी येतं. या वेळी मिस फिस्क नावाची तरुण मुलगी आली. बूट दाराशी काढले तिने. मी आदल्या दिवशी घर घासूनपुसून काढलं होतं, क्लिफला टाय बांधला होता, आल्याचा केक केला होता. तिने विचारलं, कसं चाललंय? मी म्हटलं, चाललंय आपलं. मग तिने विचारलं, यांना आनंद कशात वाटतो? आता या प्रश्नाला काय गप्प बसायचं? मी सांगितलं, चर्चच्या घंटा. साखर कारखान्यात फिटर होता तेव्हापासून सहावी घंटा याची. आठ दोर, आठ माणसं, दर फेरीला क्रम बदलायचा आणि समोर कागद ठेवायचा नाही, सगळं डोक्यात. त्याच्याबरोबर घंटा वाजवणारा मर्विन त्याला घरून नेतो, मनोऱ्याच्या पायऱ्या चढवतो, दोर हातात देतो. दोर हातात आला की पाऊण तास एक चूक नाही. दोर सुटला की कोटाची बाही कुठली ते आठवत नाही. हे दोन्ही मी सांगितलं, लेन. तिने एकच लिहून घेतलं.

शनिवारी कागद आला. "मिस्टर थर्केटल गुंतागुंतीचे क्रम लक्षात ठेवून दीर्घकाळ एकाग्रतेने काम करू शकतात. समाजात नियमित मिसळतात. त्यांना दिवसा देखरेखीची गरज नाही." एक एप्रिलपासून त्याचं डे सेंटर बंद.

परवा त्याने विजेची किटली गॅसवर ठेवली होती. स्वयंपाकघरात अजून जळल्या प्लॅस्टिकचा वास येतोय.

तुझी,
ऑड्री


शेफील्ड,
९ मार्च

ऑड,

तू त्या बाईला केक खाऊ घातलास आणि तिने तुझे तीन दिवस खाल्ले.

तुला कुणी सांगितलं होतं घर घासायला? टाय कशाला? नवरी बघायला पाहुणे येणार होते का? मला ठाऊक आहे उत्तर. आपल्या त्या मुलखात घरी आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही. बाबा न्यूमोनियाने फणफणले होते आणि डॉक्टर खाटेशी आले तर म्हणतात कसे, "मी बरा आहे, तुम्ही कसे आहात?" दोन दिवसांनी गेले. याला आपण सभ्यपणा म्हणतो. कौन्सिलच्या खात्यात याला बचत म्हणतात. मी आयुष्यभर पोलाद कारखान्याच्या फाटकावर उभा राहून युनियनसाठी बोललो, ऑड, आणि एक गोष्ट शिकलो. जो माणूस "चाललंय आपलं" म्हणतो, त्याच्या पगारातून पहिल्यांदा कापतात. या देशात किती स्वयंपाकघरांत किती बायका आत्ता या क्षणाला टेबल पुसून, केस विंचरून, त्या फायलीवाल्या बाईची वाट बघत बसल्या असतील! आणि प्रत्येकीच्या स्वच्छ टेबलावर तिच्याविरुद्धचा निकाल लिहिला जाणार आहे. हक्क मागायला आलेल्या माणसाला आधी स्वतःची लाज उघडी करायला लावायची आणि त्याने ती झाकली की म्हणायचं, बघा, गरज नाही! हा काय न्याय झाला?

आणि ती फिस्क! बूट काढले म्हणून तुला चांगली वाटली. चोरसुद्धा काढतात.

तक्रार करायची. मी मसुदा सोबत पाठवतोय. सही करून पाठव, एक ओळही गाळू नकोस. "नम्र विनंती" हे शब्द मी मुद्दाम घातलेले नाहीत. तूही घालू नकोस.

मी स्वतः येऊन क्लिफजवळ बसलो असतो. पण दिवसाआड हे यंत्र मला चार तास खुर्चीला बांधून ठेवतं. मी इथून फक्त लिहू शकतो. तर लिहिणार.

लेन


हॅलिंगफर्ड,
१६ मे

प्रिय लेन,

इतके दिवस लिहिलं नाही. दिवस क्लिफचे झालेत. तो सकाळी डबा मागतो आणि कारखान्यात निघतो. कारखाना पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालं हे मी आधी सांगायचे, आता नाही सांगत. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा पडतो त्याचा. आता म्हणते, आज सुट्टी आहे. मग तो खूश होतो आणि पाच मिनिटांनी परत डबा मागतो. मला आंघोळ करायची तर त्याला बाथरूममध्ये स्टुलावर बसवून बोलत राहावं लागतं. गप्प झालं की तो निघतो.

तुझ्या तक्रारीला उत्तर आलं. दोन पानी आहे. शेजारच्या मिसेस ओल्ड्रिजकडून वाचून घेतलं, डोळ्यांनी मला फक्त काळ्या रेघा दिसतात. पहिलं वाक्य: "आमच्या पाहणीमुळे आपल्याला अन्याय झाल्यासारखे वाटले, याबद्दल आम्हाला खेद आहे." मिसेस ओल्ड्रिज म्हणाली, "ऑड्री, म्हणजे चूक तुझ्या वाटण्याची."

पुढे लिहिलंय, की ज्याची पाहणी होते त्याचं स्वतःचं म्हणणं सर्वांत महत्त्वाचं असतं. मिस्टर थर्केटल यांनी स्वतः सांगितलं, की ते रोज सायकलने कामावर जातात, दुपारचं जेवण स्वतः बघतात. सायकल, लेन! सायकल आम्ही विकली तेव्हा मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. क्लिफला त्यांनी विचारलं, क्लिफने एकोणीसशे एकाहत्तरचं उत्तर दिलं, त्यांनी दोन हजार एकोणीसच्या कागदात घातलं.

शेवटी म्हणतात, आपला असंतोष लक्षात घेऊन यथावकाश पुन्हा पाहणी होईल.

माझी ऑपरेशनची तारीख जूनच्या शेवटी आहे. दिवसभर इस्पितळात, आणि त्या दिवशी क्लिफजवळ कुणीतरी हवं. मिसेस ओल्ड्रिज बसते म्हणालीय. पैसे मोजून एजन्सीचं माणूस ठेवणं आपल्याला झेपण्यातलं नाही.

ऑड्री


शेफील्ड,
२० मे

ऑड,

"यथावकाश"! हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला म्हातारपणी कौन्सिलच्या रांगेत उभं करायला हवं.

पण ऐक. पुन्हा पाहणी करतो म्हणाले म्हणजे ते एक पाऊल मागे हटलेत. आता आपण हुशारीने वागायचं. त्यांचा सगळा डोलारा एका खांबावर उभा आहे, त्या घंटांवर. तो खांब काढून घे. क्लिफला मनोऱ्यात पाठवू नकोस. मंगळवारचा सराव नाही, रविवार नाही. पाहणी होईपर्यंत फक्त. फिस्कबाई विचारतील, अजून घंटा वाजवतात का? तू खरं उत्तर देशील, नाही. बस्स. त्यांच्याकडे लिहायला काही उरणार नाही.

मला माहीत आहे तुला हे आवडणार नाही. मलाही आवडत नाही. माणसाकडे शिल्लक राहिलेली एक गोष्ट दाखवली की त्याची बाकीची मदत काढून घेतात, ही असली राजवट आहे. पण लढाईत काही दिवस उपाशी राहावं लागतं. आम्ही संपात राहिलो होतो.

केक करू नकोस.

लेन


हॅलिंगफर्ड,
३० जून

प्रिय लेन,

थोडक्यात लिहितेय.

तू सांगितलंस तसं केलं. क्लिफ महिन्याभरात मनोऱ्याकडे फिरकलेला नाही. मर्विनला मी खरं कारण सांगितलं नाही, क्लिफची तब्येत नरम आहे म्हटलं. क्लिफला काही वाटत नाही. घंटा विसरलाय तो, विचारतही नाही.

ऑपरेशन झालं नाही. त्या सकाळी मिसेस ओल्ड्रिज आली, मी कोट घालून दारात, बाहेर इस्पितळाची गाडी उभी, आणि क्लिफने तिला चोर ठरवून छत्री उगारली. ती बागेत पळाली, तो आतून कडी लावून बसला. मी गाडीवाल्याला सांगितलं, जा बाबा. इस्पितळातून कळवलंय, पुढची तारीख सप्टेंबरमध्ये देतो, ती चुकवलीत तर नाव काढून पुन्हा डॉक्टरपासून सुरुवात. डोळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, डोळा आतून पिकत चाललाय.

मिसेस ओल्ड्रिज बोलते माझ्याशी, पण फाटकाच्या पलीकडून.

ऑड्री


शेफील्ड,
५ जुलै

ऑड,

ऑपरेशनचं ऐकून वाईट वाटलं. पण सप्टेंबरच्या आत पाहणी होणारच, मी त्यांना आठवणीचं पत्र टाकलंय. घंटांचं ऐकून मात्र सुटका वाटली. बघ, आपण उगाच घाबरलो होतो. विसरला म्हणजे त्याला त्रास नाही. ठाम राहा. शाब्बास!

लेन


हॅलिंगफर्ड,
११ ऑगस्ट

लेन,

तुला शाब्बास म्हणायचं होतं, म्हणून घे.

पाहणी झाली. घरी कुणी आलं नाही. मंगळवारी सकाळी फोन आला, कुणी पुरुष होता, घाईत होता. मला म्हणाला, नियमाप्रमाणे आधी मिस्टर थर्केटलशी बोलायचंय. मी फोन क्लिफच्या कानाला लावला. क्लिफ फोनवर किती रुबाबात बोलतो तुला ठाऊक आहे. "उत्तम! उत्तम! तुमचं काय? हवा काय म्हणते तिकडे?" माझ्याशी तो फोनवाला जेमतेम बोलला. मी म्हटलं, घंटा बंद आहेत, मेपासून बंद आहेत. तो म्हणाला, "हो का, नोंद घेतो."

काल कागद आला. मर्विनने वाचून दाखवला. "मिस्टर थर्केटल स्थानिक चर्चमध्ये नियमितपणे घंटा वाजवतात आणि गुंतागुंतीचे क्रम लक्षात ठेवू शकतात. देखरेखीची गरज नाही." तेच वाक्य, लेन. जुन्या कागदावरून उतरवून घेतलंय. मी त्याच्या घंटा बंद केल्या आणि त्यांनी चालूच ठेवल्या!

वाचताना मर्विन थांबला. म्हणाला, "ऑड्री, याची तब्येत नरम आहे ना?" तेव्हा मला त्याला सगळं सांगावं लागलं. आता तुलाही सांगते.

क्लिफ विसरला नव्हता. दर रविवारी घंटा सुरू झाल्या की तो कोट उलटा चढवून दाराशी उभा राहायचा. दाराला मी वरची कडी बसवून घेतली होती. त्याला ती दिसायची नाही, मूठ फिरवत बसायचा. त्याच्या दोरावर नवशिक्या कुणीतरी होता. क्लिफ दाराला कान लावून म्हणायचा, "सहावी उशिरा येतेय. कोण आहे तिच्यावर? जाऊन सांगायला हवं त्याला." मी म्हणायचे, सांगितलंय मी. तो म्हणायचा, "तुझं कोण ऐकतंय, म्हातारे? मला जाऊ दे." मग विनवण्या करायचा. मी रेडिओ मोठा लावायचे. तुला लिहिलं, विसरलाय.

गेल्या मंगळवारी कागद यायच्या आधीच, तो फोन झाल्या संध्याकाळी, मी त्याला मनोऱ्यात पाठवला. स्वतः गेले बरोबर, पायऱ्या हाताने चाचपत. मर्विनने दोर दिला. सुरुवातीला सरळ क्रम होता तोवर ठीक. मग क्रम बदलायला लागले आणि क्लिफचे हात थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. मर्विन म्हणाला, "क्लिफ, माझी पाठ धरलीय रे, आज जरा आठवी सांभाळतोस?" आठवी म्हणजे सगळ्यांत मोठी, ती कायम शेवटी येते, तिला जागा बदलावी लागत नाही. मर्विनच्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं. क्लिफला ते कळलं.

पन्नास वर्षांत न गेलेली गोष्ट दहा आठवड्यांत गेली. डॉक्टर म्हणतील कधीतरी जाणारच होती. असेल. पण ती मी कडी लावून घालवली, तुझ्या हुशारीने आणि माझ्या हाताने.

ऑड्री


शेफील्ड,
१६ ऑगस्ट

ऑड,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता. क्लिफचा मी एक मोहरा केला, पुढे सरकवायचा न् मागे घ्यायचा. खातंही तेच करतं. यावर याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

पण खात्यावर बोलायचा आहे. जे वाक्य खरं असताना त्यांनी चुकीच्या कामाला वापरलं, ते खोटं झाल्यावरही त्यांनी वापरलं. म्हणजे क्लिफ त्यांच्या लेखी माणूस नाहीच, एक उतारा आहे, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाणारा. हे त्या फोनवाल्याने एकट्याने केलेलं नाही. कुणीतरी वर बसून ठरवलंय, की या वर्षी इतकीच माणसं म्हातारी होतील आणि त्यांपैकी इतकीच आजारी पडतील. मग खालच्यांचं काम एकच, जास्तीची माणसं बरी करून टाकायची. औषधाने नव्हे, शाईने!

आता लोकपाल. कौन्सिलांच्या वर बसणारा, त्याच्याकडे जाता येतं. मी कागद जुळवतोय. फक्त त्यांच्याकडे रांग आहे, निकाल लागायला पुढचा वसंत उजाडेल. तोवर धीर धर. सप्टेंबरची तारीख पुढे ढकलून मिळते का विचारून बघ. आपल्याकडे सगळे कागद असले पाहिजेत, घाईत काही करून त्यांच्या हातात कोलीत देऊ नकोस.

लेन


शेफील्ड,
२० सप्टेंबर

ऑड,

हे काय करून बसलीस?

काल मी यंत्रावर असताना तुमच्या कौन्सिलमधून फोन. नर्सने माझ्या कानात ओरडून सांगितलं. तुमचे मेहुणे आमच्या स्वागतकक्षात आहेत, आपण जवळचे नातेवाईक, आपण येऊन त्यांना नेऊ शकता का? मी म्हटलं, शेफील्डहून? नळ्या लावलेल्या अवस्थेत? बहीण कुठे आहे? तर म्हणे, त्या त्यांना ठेवून गेल्या. ठेवून! मला वाटलं तू कुठल्यातरी पुलावर वगैरे... संध्याकाळी मर्विनचा निरोप आला की तू घरी आहेस, तेव्हा श्वास घेतला.

ते तुझ्यावर खटला भरतील. मी तुला म्हटलं होतं घाई करू नकोस. ताबडतोब लिही. कौन्सिलकडून काही आलं तर सही करू नकोस, उत्तर देऊ नकोस, मला पाठव. त्या फिस्कला तर दारातही उभी करू नकोस.

लेन


हॅलिंगफर्ड,
२८ सप्टेंबर

प्रिय लेन,

हे पत्र मी बॉलपेनने लिहितेय, बघितलंस? डाव्या डोळ्याने मला पडद्यावरची फुलं दिसतात. किती कुरूप आहेत! कुणी निवडली होती?

मी पुलावर जाणाऱ्यांतली नाही, तुला माहीत असायला हवं होतं. तू लोकपालाची रांग सांगितलीस, वसंत सांगितलास. तुझं बरोबरच असेल. पण डोळा माझा होता, तारीख एकोणीसची होती. आंधळ्या बाईला क्लिफ सांभाळता येणार नाही, आणि मग दोघांनाही कुठेतरी वेगवेगळं ठेवतील. तुझ्याकडे तत्त्व होतं, माझ्याकडे गुरुवार होता.

म्हणून गुरुवारी सकाळी इस्पितळाच्या गाडीवाल्याला म्हटलं, वाटेत कौन्सिलपाशी दोन मिनिटं थांब. क्लिफला आत नेऊन बसवला. चीज आणि लोणच्याचं सॅंडविच, चहाचा थर्मास, खिशात नाव-पत्ता. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "अपॉइंटमेंट आहे?"

मी म्हटलं, "आहे. माझी, इस्पितळात. यांची नाही."

"मॅडम, यांना असं इथे सोडून नाही जाता येणार."

"का बरं? तुमच्याच कागदात आहे, देखरेखीची गरज नाही." कागद तिच्यापुढे ठेवला. "पण ते कामावर निघतो म्हणतील, तेव्हा जाऊ देऊ नका. रस्ता मोठा आहे. चारपर्यंत येते."

ती म्हणाली, "थांबा, मी साहेबांना बोलावते." मी म्हटलं, "जरूर बोलवा, मी फार दिवस तेच म्हणतेय." आणि निघाले. मागून क्लिफ ओरडला, "म्हातारे, डबा!" डबा त्याच्या मांडीवरच होता. मी वळले नाही. गाडीत मला वाटलं रडू येईल. आलं नाही. किती हलकं वाटतंय, याचीच भीती वाटली.

ऑपरेशनला वेळ लागला, डोळा पिकलाच होता. चार वाजता मी कुठची येते? साडेपाचला घरी आले, डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी. आणि फाटकाशी मिस फिस्कची गाडी. क्लिफ मागच्या सीटवर, अंगात कुणाची तरी जिमची पँट. त्याची ओली झाली होती, तिनेच धुतलं पुसलं त्याला. तिला मी दारातही उभं करायचं नव्हतं ना? आत घेतलं, चहा टाकला. म्हणजे तिनेच टाकला, मला अंदाज येईना.

तिने सांगितलं ते असं. आधी तासभर तो छान बसला. मग शिफ्ट कधी सुरू होते ते प्रत्येक टेबलापाशी जाऊन विचारलं. मग लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथे साहेब लोकांची बैठक चालली होती, तिच्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यंत्र बंद का आहे?" खाली आणला तर मागच्या दाराने सटकला. वळणावर एका लॉरीवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज तुला हे लिहितेय. ते माझ्या डोक्यावर आहे आणि राहील. त्यानंतर दोघांना त्याच्या दोन बाजूंना बसवलं, दिवस संपेपर्यंत.

निघताना ती दाराशी थांबली. बूट घालत म्हणाली, "मिसेस थर्केटल, मला तुमच्याविरुद्ध नोंद करावी लागेल."

"करा बाई," मी म्हटलं.

"सविस्तर करावी लागेल. ते कुठे कुठे गेले, किती माणसं लागली, काय घडू शकलं असतं, सगळं." मग दुसरा बूट घातला तिने. "मी मार्चमध्येही सविस्तरच लिहिलं होतं. कोटाच्या बाहीसकट. वरून परत आलं तेव्हा तेवढं एकच वाक्य उरलं होतं. ही नोंद वरच्यांना कापता येत नाही, ती पोलिसांकडेही जाते."

आपण तिला किती शिव्या घातल्या रे! तू चोर म्हणालास, मी तरी काय कमी बोलले मनात.

आज कौन्सिलचं पत्र आलं, साहेबांच्या सहीचं. मी स्वतः वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तुझ्यासाठी उतरवते: "मिस्टर थर्केटल यांना स्थळ, काळ व धोका यांचे भान नाही. त्यांना दिवसाच्या कोणत्याही वेळी देखरेखीशिवाय ठेवणे त्यांच्या जिवास घातक आहे. एका व्यक्तीस ही देखरेख एकटीने करणे शक्य नाही, हे आमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून दिसून आले आहे. आपण त्यांना असे सोडून जाणे ही गंभीर हयगय असून याबाबत आपले म्हणणे सात दिवसांत लेखी कळवावे."

तू म्हणालास उत्तर देऊ नकोस. दिलं. एक प्रत लोकपालाला, एक तुला सोबत. तुझ्यासारखं लांब लिहिता येत नाही मला. एवढंच लिहिलं:

"साहेब, तुमचं पत्र मिळालं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. सोमवारपासून गाडी पाठवा. तो नऊला तयार असेल."

तुझी,
ऑड्री